टॅनच्या वाटेवरचे खंड

कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवावा, १ हा आकडा घ्यावा आणि टॅनचे बटण दाबावे. १.५५७४ येतात. आलेल्या उत्तरावर पुन्हा टॅन: ७४.६८५९. पुन्हा: उणे ०.८६३५. पुन्हा: उणे १.१७ च्या आसपास. कितीही वेळ दाबत राहिले तरी आकडे कुठे स्थिरावत नाहीत. आता १ च्या जागी उणे एकाचे वर्गमूळ, म्हणजे आय, घेऊ. पहिल्या टॅनला ०.७६१६ आय येते, दुसऱ्याला ०.६४२० आय. शंभराव्या टॅनला ते ०.१२ आयपर्यंत उतरलेले असते. चाल संथ असली तरी दिशा पक्की आहे: शून्याकडे. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की १ मध्ये आयचा एक अब्जांश मिळवून निघालो, तरी सुरुवातीची धावपळ उरकून वाट अखेर शून्यालाच पोचते. वास्तव अक्षावरचा बिंदू आणि त्याच्या वर केसभर अंतरावरचा बिंदू यांच्या नशिबात एवढा फरक का?

संमिश्र संख्यांच्या प्रतलावर वास्तव अक्षाच्या वरचा भाग टॅन वरच ठेवतो, खालचा खालीच. दोन्ही भागांतले सगळे बिंदू शून्याकडे ओढले जातात. उरतो तो अक्ष, आणि त्यावरच सगळी गडबड एकवटलेली आहे. या गडबडीचे मूळ टॅनला जिथे उत्तरच नाही त्या जागांत आहे, आणि मला या विषयात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

पायचा अर्धा, म्हणजे १.५७०८, येथे टॅन अनंत होतो. अशा बिंदूला पोल म्हणतात. पायच्या प्रत्येक अंतरावर टॅनचा एक पोल आहे. ज्या फलनात बिघाड असला तर तो फक्त पोलचाच असतो, ते मेरोमॉर्फिक फलन. भागाकाराने बनलेली साधी परिमेय फलने याच कुळातली, पण त्यांच्यात अनंत हाही इतरांसारखाच एक बिंदू मानता येतो: तिथे पोचले की पुढचे उत्तर मिळते आणि प्रवास चालू राहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पिएर फातू आणि गास्तों झ्यूलिया यांनी पुनरावर्तनाचा, म्हणजे एकच फलन पुन्हा पुन्हा लावत राहण्याचा, सिद्धांत उभा केला, तो अशा परिमेय फलनांसाठी. टॅनच्या बाबतीत ही सोय नाही. अनंताजवळ टॅन इतक्या निरनिराळ्या किमती घेतो की अनंताला कोणतीही एक किंमत देता येत नाही. पोलवर पाय पडला की पुढची पायरी उरत नाही, वाट तिथे खुंटते.

पण वाट खुंटवणारे बिंदू केवळ पोल नाहीत. १.००३९ घ्या. त्याचा टॅन पायचा अर्धा येतो (चार दशांश स्थळांपुरते बोलतोय), म्हणजे दुसऱ्या पायरीला अनंत. १.३६१७ ची गतही तीच, फक्त तो पुढच्या पोलवर जाऊन पडतो. असे तिसऱ्या पायरीला तुटणारे, दहाव्या पायरीला तुटणारे बिंदू आहेत, आणि ते सगळे वास्तव अक्षावरच आहेत. किती दाट? अक्षाचा कोणताही बारीक तुकडा घ्या. त्यात पोल नसेल, तर टॅनने तो ताणला जातो, आखडत कधीच नाही. ताणत ताणत केव्हातरी त्यात पोल सापडतोच. म्हणजे तुटणारे बिंदू अक्षावर सर्वत्र पेरलेले आहेत. ज्या १ पासून आपण निघालो, त्याच्या बाजूलाच १.००३९ बसलेला आहे.

आता या १.००३९ भोवती पाहिजे तेवढे लहान वर्तुळ काढा. पहिल्या टॅनला त्याची एक छोटी चकती पायच्या अर्ध्याभोवती येते. दुसऱ्या टॅनला ती चकती अनंताभोवतीचा सगळा प्रदेश व्यापते, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्तुळाच्या बाहेरचे सगळे काही. त्या बाहेरच्या प्रदेशात पाय रुंदीच्या उभ्या पट्ट्याच्या पट्ट्या आख्ख्या मावतात, आणि अशा एकेका पट्टीत टॅन आपल्या सगळ्या किमती घेतो. म्हणून तिसऱ्या टॅनला आपले इवलेसे वर्तुळ जवळजवळ सगळे प्रतल झाकते, फक्त दोन बिंदू सोडून. शेजाऱ्यांची नशिबे एवढी वेगळी का, याचे उत्तर या तीन पायऱ्यांत आहे. जिथे असा गोंधळ चालतो त्या संचाला झ्यूलिया संच म्हणतात. नोएल बेकर, यानिना कोटुस आणि ल्यू यिनियान यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरोमॉर्फिक फलनांच्या पुनरावर्तनाचा पाया घातला. त्यांच्या कामात हे सर्वसाधारण रूपात दिसते: काही मोजके अपवाद वगळता, पोलवर जाऊन तुटणारे बिंदू आणि ते ज्यांच्याजवळ दाटतात ते बिंदू, एवढ्यांनीच झ्यूलिया संच बनतो.

सुटलेले ते दोन बिंदू म्हणजे आय आणि उणे आय. टॅन त्यांच्या कितीही जवळ जातो, पण त्यांना गाठत नाही. सगळ्या शांत प्रदेशांची नाडी या दोघांच्या हाती आहे, कारण बिंदूंना ओढून घेणारा प्रत्येक प्रदेश यांपैकी एकाला तरी पोटात घेतोच. टॅनला एखाद्या स्थिर संख्येने गुणून या दोघांचे काय होते ते पाहणे, ही रॉबर्ट डेव्हनी आणि लिंडा कीन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस धरलेली वाट. २ ने गुणले तर वरचा सगळा भाग १.९१५ आयकडे जातो, खालचा त्याच्या उलट बिंदूकडे, आणि वास्तव अक्ष दोघांमधला बांध बनतो. १/२ ने गुणले तर अक्षच फुटतो. उणे १.१६५६ आणि १.१६५६ यांच्या मधले सगळे बिंदू शून्यात जातात, त्या पट्ट्याच्या प्रतिकृती अक्षावर ठिकठिकाणी भोके पाडतात, आणि वरचा व खालचा प्रदेश त्या भोकांतून एकमेकांना मिळतो. झ्यूलिया संच म्हणून मागे उरते ती सुट्या बिंदूंची धूळ. तिच्यात एवढासाही सलग तुकडा नसतो, पण पोल आणि पोलवर तुटणारे बिंदू त्या धुळीत सगळेच्या सगळे असतात.