गोडवा आणि भार

सत्य आणि प्रिय यांत विरोध आला असता कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेतच उद्भवतो असे नाही. घरात गाणे ऐकत बसलेल्या माणसापुढेही तो उभा राहतो.

आमचे एक स्नेही बेळगावच्या उद्यमबागेत लेथचा कारखाना चालवितात. ओतशाळेतून आलेले बिडाचे भाग कातून देणे हा त्यांचा व्यवसाय, आणि रात्री कुमार गंधर्वांचे गाणे ऐकणे हा त्यांचा नित्यनेम. कुमारांचा जन्म १९२४ मध्ये जवळच्याच सुळेभावीचा. त्यामुळे या गाण्यावर आपला थोडा अधिक हक्क आहे, असे ते मानतात.

त्यांचे ध्वनिक्षेपक मात्र मोठे दांडगे याचक आहेत. एक वॉट शक्ती दिली तर मीटरभर अंतरावर ते अवघा ८४ डेसिबेल आवाज देतात. शिवाय त्यांचा विद्युत्‌रोध नावाला ४ ओहम असला, तरी खर्जाकडे काही ठिकाणी तो ३ ओहमांच्याही खाली उतरतो. आणि रोध उतरला की प्रवाहाची मागणी वाढते. १०० वॉटांचा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक ही मागणी निमूटपणे पुरवीत होता. पण ‘आवाज नेमका आहे, त्यात ओलावा नाही,’ ही स्नेह्यांची तक्रार. अखेर त्यांनी ३५ वॉटांचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणला. डिसेंबर १९४७ मध्ये जन्मलेल्या ट्रान्झिस्टरला निरोप देऊन त्याच्याहून चाळीस वर्षांनी वडील असलेल्या व्हॉल्व्हला त्यांनी घरात घेतले!

पहिल्या रात्री तानपुऱ्याने खोली भरून गेली. व्हॉल्व्ह मूळ स्वरात आपले थोडे उपस्वर मिसळतो, ते कानाला बहुधा खुपत नाहीत. आणि शक्तीची सीमा आली तरी तो एकदम फाटत नाही, हळूहळू दबत जातो. आम्ही सर्वच संतुष्ट झालो.

आठ दिवसांनी शंका आली. डग्ग्याचा घुमारा सैल आणि फुगीर वाटू लागला. याचे कारण कारखानदारास समजावे असेच आहे. व्हॉल्व्ह शेकडो व्होल्ट पेलतो, पण प्रवाह अल्प देतो. ध्वनिक्षेपकास हवे असते ते याच्या उलट. मधला ट्रान्सफॉर्मर लेथच्या गिअरप्रमाणे वेग कमी करून जोर वाढवितो. तारा ८ ओहमांच्या जागी जोडल्या होत्या. त्या ४ ओहमांवर आणल्या, तेव्हा बरीच सुधारणा झाली. म्हणजे दोष काही अंशी आमच्याच हातचा होता. तथापि भार वाढला की लगाम सुटे, तो सुटेच.

पण मनाला लागले ते वेगळेच. क्षयाच्या आजारामुळे कुमार १९४८ मध्ये देवासला गेले, काही वर्षे त्यांचे गाणे थांबले, आणि पुढे ते मैफलीत परतले ते आखूड, अकस्मात झेप घेणाऱ्या स्वरवाक्यांसह. आयुष्याने कसाला लावलेल्या श्वासाची ती झेप नव्या यंत्रात चढण्यापूर्वीच दबू लागली. दबली तीही गोडपणे! गाणाऱ्याने जे मोठ्या मोलाने मिळविले, ते आमच्या सुखासाठी मऊ करून घेण्याचा आम्हांस काय अधिकार?

यावर कोणी म्हणेल, गाभाऱ्यातील समईदेखील देवाचे मुख सोनेरी करते. तिला असत्य म्हणाल काय? आम्ही म्हणणार नाही. समई गाभाऱ्यापुरताच भार घेते आणि तो पूर्ण पेलते. मात्र तिच्याच उजेडात जत्रेची वाट दाखवू म्हटले, तर कोणीतरी ठेचकाळेल, आणि तो दोष समईचा नसून तिला तेथे नेऊन ठेवणाऱ्याचा असेल.

माणसांचेही असेच नव्हे काय? उत्सवात सर्वांशी गोड बोलणारा कारभारी आपणांस प्रिय असतो. पण हिशेबाच्या सभेत अवघड प्रश्न येताच जो मऊ शब्दांत उत्तर विरघळवून टाकतो, त्याचा गोडवा हे दुर्बलतेचेच पांघरूण होय. तो खोटे बोलतोच असे नाही; भार आला की तो फक्त दबतो. किंबहुना म्हणूनच तो लवकर ओळखू येत नाही. उलट जो कठीण शब्द पेलूनही सौम्य राहतो, त्याची सौम्यता हाच खरा सद्गुण. समोरच्याची मागणी पुरविण्याचे बळ आधी, माधुर्य नंतर. हा क्रम उलटला की माधुर्य अपराध होते.

आमच्या स्नेह्यांनी त्या दांडग्या याचकांस पुन्हा ट्रान्झिस्टरच्या हवाली केले. व्हॉल्व्हसाठी त्यांनी ९५ डेसिबेलांची हलकी जोडी घेतली. तेवढ्याच आवाजासाठी तिला शक्तीचा सुमारे तेरावा हिस्सा पुरतो. तिच्यावर पहाटेची भजने आता न दबता, न फुगता वाजतात. दोहोंत श्रेष्ठ कोणता, असे कोणी विचारले तर ते उत्तर देत नाहीत, उलट विचारतात, “समोर मागणारा कोण आहे?”