जुनी सायकल, नवे भाग आणि ‘तीच’ वस्तू

हाताने बांधलेली जुनी माउंटन बाइक पुन्हा उभी करताना फ्रेम तीच ठेवतात. ब्रेक, गिअर, हब, क्रँक, हँडल हे बाकीचे भाग मात्र त्याच काळातले शोधून बसवतात. हे भाग त्या सायकलचे नसतात. ते दुसऱ्या कुठल्या सायकलीवरून उतरवलेले असतात, किंवा दुकानाच्या माळ्यावर खोक्यात न वापरता पडून राहिलेले. तरीही काम संपले की सायकल मूळ रूपात आली, असे म्हणतात. हे म्हणणे कितपत टिकते हा प्रश्न शौकापुरता नाही. भारतीय दर्शनांत तो दोन हजार वर्षे घोळतो आहे आणि देवळांच्या जीर्णोद्धारात आजही प्रत्यक्ष सोडवावा लागतो.

माउंटन बाइकच्या बाबतीत ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हेच आधी अवघड आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण श्विन कंपनीच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपायस डोंगराच्या कच्च्या वाटांवरून सुसाट उतरत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याच काउंटीतल्या एका उताराच्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला रिपॅक हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची फ्रेम बांधली. मग टॉम रिची यांच्या फ्रेम आल्या आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची कारखान्यात बनलेली स्टम्पजम्पर. त्या पहिल्या हातबांधणीच्या सायकलींवर ब्रेक फ्रेंच बनावटीचे होते, ब्रेकचे दांडे मोटारसायकलचे, आणि बाकीचे जे हाताला लागेल ते. जिला पहिल्या दिवशीच इकडून तिकडून गोळा केलेले भाग लावले गेले, तिच्यासाठी ‘अस्सल’ भागांचा आग्रह धरायचा, ही गंमत जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते.

तरी काळाचा नियम पाळला जातो, आणि तो काटेकोर असतो. शिमानोचा डिओरे एक्सटी संच १९८२ चा, तेव्हा १९८३ च्या फ्रेमवर तो शोभतो. टकटक आवाज करत एकेक पायरीने बदलणारे गिअर या संचात १९८७ मध्ये आले, आणि पुढचा स्प्रिंगचा फोर्क त्यानंतर. एकाच कंपनीचे, उत्तम चालणारे भागसुद्धा पाच वर्षांनी उशिरा जन्मले म्हणून बाद ठरतात.

भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न पनवेल गावाला परका नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने या गावाचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाके बनवण्याची नोंद केली आहे. घाटावरून उतरलेला शेतकरी परत जाताना जमल्यास चाकांची एक जोडी घेऊन जाई. गाडी देशावरची, चाके पनवेलची. तिला नवी गाडी कोणी म्हटले नाही. चाकाचेही तसेच. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि भोवती लोखंडी धाव. धाव आगीत लाल करून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. ती आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. एक आरा मोडला तर तेवढाच बदलत. सगळे आरे, पुठ्ठे आणि शेवटी तुंबाही बदलला, तर ते चाक कितवे?

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नेमका असाच प्रसंग आहे. यवन राजा मिलिंद रथात बसून भिक्षू नागसेनाकडे आला होता. नागसेनाने विचारले, रथ म्हणजे आस का, चाके का, जू का, लगाम का? प्रत्येकाला राजाने नाही म्हटले. हे सगळे वगळल्यावर काही उरते का? त्यालाही नाही. निष्कर्ष असा, की भाग विशिष्ट रीतीने जुळले की ‘रथ’ हे व्यवहाराचे नाव लागते. नावापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. हे मान्य केले तर ‘ही खरोखर तीच सायकल आहे का’ हा प्रश्न चुकीचा विचारला गेला आहे. लोक तिला तीच म्हणत असतील तर ती तीच.

न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटले नाही. त्यांच्या मते अवयवांपासून ‘अवयवी’ ही निराळी, खरी वस्तू उत्पन्न होते. धाग्यांहून वस्त्र वेगळे. पण या भूमिकेची किंमत जबर आहे. एक धागा निघाला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे ‘खंडपट’ जन्मते. मग सायकलचा एक ब्रेक काढताच जुनी सायकल संपली! ‘ही तीच’ असे आपण ओळखतो, ते साम्यामुळे. जैन दर्शन दोन्ही बाजूंना थोडे थोडे देते. तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूचे लक्षण उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता अशा तिन्हींनी मिळून सांगितले आहे. पोलाद म्हणून पाहिली तर फ्रेम ध्रुव, रूप म्हणून पाहिली तर बदलती. व्यवहाराला हे उत्तर सर्वांत सोयीचे आहे, पण एकाच फ्रेमवरून दोन गिऱ्हाइके भांडू लागली तर निवाडा कसा करायचा, हे त्यातून कळत नाही.

भांडण कल्पनेतले नाही. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज यांनी थीसियसच्या, एकेक फळी बदलत गेलेल्या जहाजाच्या ग्रीक कोड्यात भर घातली होती: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच जहाज पुन्हा बांधले, तर खरे कोणते? जुन्या सायकलींच्या बाजारात असे घडू शकते. मूळ ब्रेक एकाकडे, क्रँक दुसऱ्याकडे, फ्रेम तिसऱ्याकडे. तिथे सर्वांनी ठरवून टाकले आहे की क्रमांक जिच्यावर ठोकला आहे ती फ्रेम म्हणजे सायकल.

या संकेताला धर्माचारात जवळचा जोड आहे. पुरीला नवकलेवरात, शेवटचे २०१५ मध्ये, जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नव्या घडवतात, जुन्यांतला ‘ब्रह्मपदार्थ’ डोळे बांधून नव्यांत ठेवतात आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरतात. लाकूड सगळे बदलते, देव बदलत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारात मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातले देवत्व कलशात घेण्याचा विधीही याच विचारावर उभा आहे. पण विधी असला म्हणून सगळ्यांची समजूत पटतेच असे नाही. पनवेलहून खोपोलीच्या वाटेवर असलेल्या महडच्या वरदविनायकाची झिजलेली मूर्ती बदलण्यावरून वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. आज तिथे दोन मूर्तींचे दर्शन होते. ज्या दगडाला पिढ्यांनी शेंदूर लावला, तो दगडच भक्ताला हवा होता. नैयायिक कुठेतरी बरोबर होते, असे अशा वेळी वाटते.

फ्रेमला ब्रह्मपदार्थ मानण्यात मात्र एक अडचण आहे: ती स्वतः अभंग नसते. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी खारी हवा आणि चार महिने पाऊस. पोलादी नळ्या आतून गंजतात आणि बाहेरच्या रंगावर पत्ता लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सीटचा दांडा पोलादी नळीत असा धरून बसतो की पिळून, तापवून निघाला नाही तर कापून काढावा लागतो. नळी कुजलीच असेल तर तेवढा तुकडा कापून नवा डाखतात. मग रंग. मूळ रंग खरवडून नवा चढवला की सायकल देखणी होते, आणि बांधणाऱ्याच्या कानशीच्या खुणा व जोडावरचे पितळ कायमचे झाकले जाते.

म्हणून त्या काळातले भाग शोधण्याचा खटाटोप द्रव्य टिकवण्याचा नव्हे. काळाशी सुसंगत राहण्याचा तो प्रयत्न असतो. सायकल विशिष्ट वर्षी कशी होती किंवा असू शकली असती, याचे ते विधान आहे. विधान खरे किंवा खोटे असते, आणि इथेच या कामाला नीतीचा पैलू येतो. १९८३ ची फ्रेम आणि दुसरीकडून आणलेला १९८३ चा ब्रेक यात खोटेपणा काही नाही. तो ब्रेक पहिल्यापासून हिच्यावरच होता असे सांगून विकले तर आहे. यासाठी काटेकोर माणसे काय बदलले याची वही ठेवतात आणि उतरवलेले मूळ भाग, निकामी असले तरी, चिठ्ठी लावून सायकलबरोबरच पुढच्या मालकाला देतात.

टायरपाशी मात्र सगळ्यांचाच नियम थांबतो. चाळीस वर्षांचे रबर कडक होऊन तडकते, आणि त्यावर पनवेलजवळच्या कर्नाळ्याची चढण चढणे धोक्याचे. म्हणून टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि तारा नव्या घेतात. रोजच्या निर्माल्यासारखे हे भाग कोणी मोजत नाही. केवळ संग्रहालयात उभी राहणारी सायकल असेल तर जुने तडकलेले टायर तसेच ठेवतात, कारण तिला कुठे जायचे नसते.