पंधरा मिनिटे कुणाची?

वरच्या वाडीची मुक्कामी एसटी सकाळी साडेसहाला सुटायची आणि घाट उतरून सात चाळीसला तालुक्याला लागायची. ३१ किलोमीटरला ७० मिनिटं. हा वेळ कधी बसवला ते आगारातही कुणाला सांगता येत नव्हतं. ज्यानं बसवला त्यानं तेव्हा तो नीटच बसवला असणार, कारण तेव्हा वाटेत आठच थांबे होते.

पुढे धनगरवाड्यापर्यंत रस्ता झाला. शाळेपुढे गतिरोधक आले. नव्या वस्त्यांनी थांबे मागून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. ज्या म्हाताऱ्या वर्षातून एकदा जत्रेपुरत्या गाडीत बसायच्या, त्या आता दवाखान्याला, बाजाराला, लेकीच्या गावाला जाऊ लागल्या. फार चांगलं झालं. बाईमाणसाला असं घराबाहेर काढणाऱ्या गोष्टी आपल्याकडे फार नाहीत. पण गुडघे धरून पायरी चढणाऱ्या बाईला कॉलेजच्या पोरापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात कुणी धरला नाही. थांबे आठाचे सतरा झाले. मिनिटं सत्तरच राहिली.

तरी गाडी रोज सात चाळीसलाच पोहोचत होती.

गाडी तात्या चालवायचे. बावीस वर्षं एसटीत काढलेली, स्वभावानं शांत, दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस. रात्री सव्वानऊला गाडी वाडीत लावायची, देवळाच्या ओवरीत अंथरूण टाकायचं, पहाटे उठून टायर, तेल, हवा बघायची. घाट कसा उतरायचा हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला धरून राहतं आणि ब्रेकवर भार कमी येतो. वरच्या गिअरमध्ये उतरायला घेतली तर पाय सारखा ब्रेकवर. मग ड्रम तापतात, तापलेला ब्रेक धरत नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबल्यानं हवेचा काटा खाली यायला लागतो. हे सगळं ठाऊक असूनही तात्या आठ किलोमीटरचा घाट दुसऱ्याऐवजी तिसऱ्यात उतरायला लागले होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम. तात्या तोही कधीमधी मोडू लागले होते. यातून पाचेक मिनिटं निघायची.

उरलेली मिनिटं थांब्यांवरून यायची. एसटीत एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते. थांबल्याची एक आणि निघायच्या दोन, यांच्यामध्ये जो वेळ जातो त्यात माणूस चढतो, दांडी धरतो, जागा शोधतो, टेकतो. सतरा थांब्यांवर हा वेळ थोडा थोडा कापला तर दहा मिनिटं सहज हाती लागतात. कुणी ठरवून कापला नव्हता. रोज दोन-दोन सेकंदांनी तो कमी होत गेला होता.

श्रावणातल्या एका सकाळी ओढ्याच्या थांब्यावर बायजाआजी चढल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एका हातात अळूच्या जुड्यांची पाटी. कंडक्टर शैलाताई मागच्या बाकावरच्या पोरांची तिकिटं काढत होत्या. नजर मशीनवर, दाराकडे पाठ. दार आपटल्याचा आवाज आला तशी त्यांनी दोरी दोनदा ओढली. तात्यांनी क्लच सोडला. आजींचा दांडीकडे गेलेला हात दांडीपर्यंत पोहोचला नव्हता. त्या दोन बाकांच्या मधल्या वाटेत आडव्या पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं.

गाडीला ओरखडा नव्हता. वाडीत कुणी त्याला अपघात म्हटलं नाही. ‘म्हातारी पडली’ म्हणाले, आणि पडणं हा जसा काही म्हातारीचाच दोष. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या मार्गावरची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली, माणसं मेली, तेव्हा चालकांच्या प्रशिक्षणावर सगळीकडे बोललं गेलं. ते बोलायलाच हवं होतं. पण चालत्या गाडीच्या आत माणूस पडतो, त्याचं हाड मोडतं आणि त्याचं उरलेलं आयुष्य खाटेवर जातं, त्याची बातमी होत नाही, म्हणून त्याचा विचारही होत नाही. मला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती यासाठी.

आजींना जीपमध्ये घालून नेल्यावर शैलाताई त्या दिवशीची फेरी पूर्ण करून आल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी एक पद्धत धरली. थांब्यावर मशीन खाली करायचं, दाराकडे तोंड करून उभं राहायचं, चढलेलं प्रत्येक माणूस बसलं किंवा त्यानं दांडी धरली की मगच दोरी ओढायची. वयस्कर माणसासाठी राखीव बाकावरच्या पोराला उठवायचं. उतरणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याशिवाय घंटी नाही.

पहिले दोन दिवस तात्या आरशात बघून हॉर्न वाजवत राहिले. “ताई, वेळ बघा.”

“आजोबा बसले की देते, तात्या.”

तिसऱ्या दिवशी तात्यांनी हॉर्न सोडला. त्याच आठवड्यात कधीतरी घाटातला तिसरा गिअरही सोडला. दोघांत त्यावर काही बोलणं झालं नाही.

गाडी पंधरा मिनिटं उशिरा पोहोचू लागली, आणि वाडी चिडली. कॉलेजच्या मुलांची पुढची गाडी चुकायला लागली. एमआयडीसीत जाणाऱ्यांचा अर्धा दिवस कापला जाऊ लागला. आगाराला तक्रार गेली: कंडक्टर मुद्दाम वेळ काढते, ड्रायव्हर म्हातारा झाला आहे, तरुण माणूस द्यावा. खाली चाळीसएक सह्या. त्यातली पहिली बायजाआजींच्या मुलाची, दत्ताची होती.

दत्ताला वाईट ठरवायची घाई करू नये. आईच्या ऑपरेशनला त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं होतं. त्याच महिन्यात उशिरामुळे त्याच्या पगारातून तीन अर्धे दिवस गेले. त्याचा राग खरा होता, फक्त तो चुकीच्या माणसांवर निघाला होता.

आगारानं एक तपासनीस पाठवला. हा माणूस कामाचा निघाला. रात्रीच्या गाडीनं वाडीत आला, ओवरीत तात्यांच्या शेजारी झोपला, सकाळी पहिल्या बाकावर वही आणि घड्याळ घेऊन बसला. प्रत्येक थांब्यावर गाडी कधी थांबली, कधी निघाली, किती चढले, किती उतरले, हे लिहीत गेला. तालुक्याला पोहोचल्यावर त्यानं बेरीज केली. पंच्याऐंशी मिनिटं. त्यात वाया गेलेलं मिनिट त्याला सापडेना.

“तात्या, गाडी नियमानं पंच्याऐंशीच घेते. मग इतकी वर्षं सत्तरमध्ये कशी आणत होता?”

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाच मिनिटं घाटातून काढत होतो, साहेब. दहा म्हाताऱ्या माणसांच्या पायाखालनं.”

ते वाक्य तपासनिसानं अहवालात घातलं की नाही ठाऊक नाही. मार्गाचा वेळ पंच्याऐंशी मिनिटं करावा, अशी शिफारस मात्र त्यानं केली. अडचण पुढची होती. तीच गाडी सात पंचावन्नला शाळेची मुलं घेऊन दुसऱ्या मार्गाला जायची. ती उशिरा पोहोचवता येत नव्हती. म्हणजे वाडीतून सव्वासहाला निघायला हवी. आणि सकाळी लवकर निघायची तर रात्रीही लवकर यायला हवी, कारण एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती तेव्हा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ठरवून दिलेली होती. तात्यांचं काम सहाला, गाडी तपासण्यापासून सुरू होणार. मग रात्रीची गाडी नऊलाच वाडीत लागली पाहिजे. दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मिनिटं. ती द्यायची कुणी?

ग्रामसभेत हा विषय आला तेव्हा ओवरी भरली होती. सुरक्षित गाडी नको असं कुणीच म्हणालं नाही. पंधरा मिनिटं द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. बायकांचं म्हणणं रास्त होतं. नळाला पाणी सहाला येतं. पाणी भरायचं, डबा करायचा आणि सव्वासहाला गाडी गाठायची, हे कसं व्हायचं? दूध घालणाऱ्यांचंही तेच, डेअरी सहाला उघडते. मागून कुणीतरी ओरडलं, “त्यापेक्षा तात्या, जरा हाना की गाडी!”

तात्या खांबाला टेकून बसले होते. ते उठून उभे राहिले.

“घाटात तीसऐवजी चाळीसनं आलो तर तुम्हाला वाटतं दहाचाच फरक. वळणावर गुरू आडवं आलं, ते दिसून माझा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. तिसाला तेवढ्यात गाडी आठ मीटर जाते, चाळिसाला अकरा. हे ब्रेक लागायच्या आधीचं झालं. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते तर जवळजवळ पावणेदोन पट. तेवढा रस्ता आपल्या घाटात नाही. पंधरा मिनिटं मी कुठूनही आणू शकत नाही. आणली तर ती कुणाच्या तरी अंगावरनं आणीन.”

सभेत काही वेळ नुसती कुजबुज होती. मग दत्ता बोलायला उठला. तक्रारीवर आपली सही आहे हे त्यानंच सांगितलं. “माझे तीन अर्धे दिवस गेले. आईचं ऑपरेशन झालं, कर्ज अजून फेडतोय. गाडी चुकणं मला परवडत नाही आणि आईचं पडणंही परवडलं नाही. लवकर उठणं परवडतं.”

सरपंचबाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारलं, मोटार अर्धा तास आधी सुरू करता येईल का. वीज असते, करता येईल, असं तो म्हणाला. डेअरीच्या सचिवांना विचारलं. ते आढेवेढे घेऊ लागले, तर दूध घालणाऱ्या चार बायकांनीच त्यांना गप्प केलं. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या दुकानदारांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. ठराव लिहिला गेला: पाणी साडेपाचला, डेअरी पावणेसहाला, गाडी सव्वासहाला. आणखी एक ओळ एका शाळकरी मुलीच्या सांगण्यावरून घातली गेली, की राखीव बाकावर तरुणांनी बसू नये आणि कंडक्टरांनी सांगायची वाट बघू नये.

दुसऱ्या महिन्यापासून गाडी सव्वासहाला सुटू लागली. ती सात चाळीसलाच पोहोचते, पूर्वीच्याच वेळेला. मुलांना पुढची गाडी मिळते, दत्ताची हजेरी चुकत नाही. घाटात तात्या दुसऱ्या गिअरमध्ये असतात. शैलाताई दाराकडे तोंड करून उभ्या असतात. बायजाआजी वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. गाडीत त्या पुन्हा बसलेल्या नाहीत.

आपल्या गावच्या गाडीचा धावण्याचा वेळ शेवटचा कधी मोजला, हे आगारात जाऊन एकदा विचारा. लेखी विचारा. आणि तो वाढवून गाडी लवकर सोडायची वेळ आली, तर ग्रामसभेत पहिला हात तुमचा वर येऊ द्या.