मुलांना दान शिकवायचे, पण कोणते?



मुलांना दान शिकवा असे म्हटले की आपल्यातील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. तिला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावाची वेठ राबून संध्याकाळी दारोदार शिळ्या भाकरी गोळा केल्या. ती त्यांच्या श्रमाची मजुरी होती. पण गावाने ती वरून टाकली आणि तिला उपकाराचे नाव दिले. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, मनातला चटका मात्र गेला नाही.

मग दान हा शब्द मुलांच्या कानीच पडू देऊ नये काय? तसे करता येणार नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दहा पारमितांत दानाचा समावेश केला आहे. परतफेडीची अपेक्षा न धरता दुसऱ्याच्या हितासाठी आपले असेल ते देणे, प्रसंगी प्राणही देणे, म्हणजे दान. पण त्याच ग्रंथात इशाराही आहे की, प्रज्ञेवाचून केलेले दान माणसाचे नैतिक बळ खच्ची करू शकते. म्हणून प्रज्ञेचे स्थान सर्व पारमितांच्या वर.

ही प्रज्ञा मुलांपर्यंत न्यायची कशी? अंगुत्तर निकायात असत्पुरुषाच्या दानाच्या पाच खुणा दिल्या आहेत. तो आदराने देत नाही, घेणाऱ्याचा मान राखत नाही, स्वतःच्या हाताने देत नाही, टाकाऊ ते देतो आणि परिणामाचा विचार करीत नाही. सत्पुरुषाचे दान नेमके याच्या उलट.

आता हे आपल्या घराला लावून पाहा. बापाच्या खिशातले नाणे मुलाच्या हातून भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकविले, तर मूल एवढेच शिकते की आपण वर आणि तो खाली. तेच मूल आपल्या डब्यातली अर्धी भाकरी बाकावरच्या सोबत्याला देते, तेव्हा स्वतःच्या वाट्यातले देते आणि दोघे शेजारी बसून खातात. फाटकी चादर किंवा पाने गळालेले पुस्तक देणे हे दान नव्हे, ती घरातली अडगळ काढणे झाले. गरीब मुलांना सर्वांसमोर उभे करून टाळ्यांच्या गजरात वह्या वाटतात. वही मिळते, पण मूल मान खाली घालून जागेवर परत येते. शिक्षकाच्या नात्याने सांगतो, ही वही त्या मुलाला फार महाग पडते.

मूल केव्हातरी विचारील, "तो गरीब का?" गेल्या जन्मीचे पाप, असे उत्तर चुकूनही देऊ नका. त्याच्या आईबापांच्या श्रमाचे पुरते मोल मिळत नाही, हे खरे उत्तर द्या. हे ज्याला कळले, तो आज भाकरी वाटून घेईल आणि उद्या त्या मजुरीसाठीही उभा राहील.

आज आपल्यातील काही घरांत महिन्याचा पगार येतो. त्या घरांतील मुले आता देणाऱ्यांच्या बाजूला आहेत. त्यांनी भाकरी टाकणाऱ्याची ऐट उचलली, तर जुनी रीत तशीच राहिली, फक्त हात बदलले. म्हणून मुलाने कुणाला काही दिले, तर किती दिले हे विचारू नका. कसे दिले, ते विचारा.