मधलीं चित्रें

आषाढांत टाकवे बुद्रुकला जाण्याचा योग आला. पुणें-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे स्थानकावर उतरून इंद्रायणी ओलांडली कीं हें गांव येतें. भाताची लावणी चालली होती. पाऊस अंगावर घेत, घोटाभर चिखलांत वांकून बायका रोपें लावीत होत्या. माझी धाकटी बहीण या गांवीं नांदते. तिच्या सतरा वर्षांच्या मुलाला चित्रांचा नाद आहे, आणि कार्टून-चित्रपट करण्याची विद्या शिकावी असें त्यानें मनाशीं ठरविलें आहे. त्या दिवशीं त्यानें मला एक साधा प्रश्न विचारला. पण उत्तर देतांना माझी जी तारांबळ उडाली, तिच्यामुळें तो प्रश्न वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

त्यानें प्रथम शाळेची एक जुनी वही दाखविली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत एक बैल काढलेला होता. पानें अंगठ्याखालून भरभर सोडलीं म्हणजे बैल चालूं लागे. मग त्यानें संगणकावर तोच बैल दाखविला. तेथें त्यानें मोजकीं चार-पांच चित्रें काढलीं होतीं. मधलीं सारीं यंत्रानें भरून दिलीं होतीं. “मामा,” तो म्हणाला, “वहींतल्या बैलाला मला महिना लागला, ह्याला एक संध्याकाळ. मग मीं हातानें काढायला कशासाठीं शिकावें, तें तुम्हीच सांगा.”

प्रश्नाचें वजन कळण्यास या कलेची रीत ठाऊक पाहिजे. पडद्यावर एका सेकंदांत २४ चित्रें सरकतात. हातानें काम करतांना बहुधा प्रत्येक चित्र दोनदां टिपीत. म्हणजे सेकंदाला १२ चित्रें. दहा मिनिटांच्या चित्रपटाला, एकच पात्र सतत हलतें असें धरलें तरी, हा आंकडा ७,२०० वर जातो. मुख्य चित्रकार हालचालींतल्या मोक्याच्या अवस्था काढी. त्यांच्यामधलीं चित्रें उमेदवार काढीत. मग दुसरे कोणी तीं पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनें गिरवून मागच्या बाजूनें रंग भरीत.

ही विद्या आपल्याकडे अगदीं परकी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वीं, भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठीं, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविली होती. पुढें आगकाड्यांनाही त्यांनीं नाचविलें. पुण्यास आलेल्या ‘प्रभात’नें १९३४ सालीं ‘जंबूकाका’ हा कार्टून-चित्रपट केला. १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें डिस्नेच्या संस्थेंत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवावयास आले, आणि जातककथेवरील ‘दि बन्यान डिअर’ (१९५७) तयार झाला. तेथें उमेदवारी केलेले राम मोहन पुढें स्वतः गुरु झाले; भारत-जपान सहकार्यानें निघालेल्या रामायणावरील चित्रपटाच्या (१९९२) दिग्दर्शकांत त्यांचें नांव आहे. २०१९ सालीं ते निवर्तले.

यंत्र या क्षेत्रांत एकाएकीं शिरलें नाहीं. १९६१ सालच्या कुत्र्यांच्या पिलांवरील डिस्नेच्या चित्रपटांत शाईनें गिरविण्याचें काम छायाप्रतीच्या यंत्राकडे गेलें. १९९० मध्यें रंग भरण्याचें काम संगणकानें घेतलें. १९९५ सालीं ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणें संगणकावर घडविलेला चित्रपट आला, आणि कांहीं वर्षांतच अमेरिकेंतल्या मोठ्या चित्रशाळांनीं कागद-पेन्सिलीचीं मेजें आवरलीं. आज तर शब्दांत मागणी केली असतां चित्र हालवून दाखविणारीं यंत्रेंही निघालीं आहेत.

यावर हळहळणें सोपें आहे. ‘हाताच्या रेषेंत प्राण असतो, यंत्राच्या रेषेंत नसतो,’ हें वाक्य माझ्याही ओठांवर आलें होतें. पण समोर शेतांत लावणी चालली होती, आणि तें वाक्य तोंडांतून निघेना. उद्यां यंत्रानें रोपें लावलीं आणि या बायकांच्या पाठीची कळ थांबली, तर ‘हातानें लावलेल्या भाताची गोडी निराळीच’ असें म्हणण्याचा अधिकार पाटावर बसून भात जेवणाऱ्या मला कोठला? डिस्नेच्या चित्रशाळेंतही प्रारंभीच्या काळांत शाई-रंगाचें काम मुख्यतः स्त्रियांकडेच असे, आणि त्यांच्यापैकीं फारच थोड्या मुख्य चित्रकाराच्या जागेपर्यंत पोंचल्या. यंत्रानें पाठीची कळ थांबते तशी मजुरीही थांबते, हें खरें. पण तो निर्वाहाचा प्रश्न आहे, आणि कष्ट टिकवून तो सुटत नाहीं. दुसऱ्यांच्या श्रमांवर आपल्या सौंदर्यदृष्टीचे लाड पुरविण्यास कलाप्रेम हें नांव देतां येणार नाहीं.

तेव्हां मीं दोन्ही बैल पुन्हां पाहिले. वहींतला ओबडधोबड होता; कोठें शिंग लहान, कोठें मोठें. परंतु मागला पाय उचलतांना तो किंचित् अडे, आणि खांदा पुढें झुकवून पाय ओढून काढी. संगणकावरचा एका चालीनें डौलांत जात होता.

“ह्याच्या पायाला चिखल कां लागत नाहीं?” मीं विचारलें.

“मीं त्याला चिखल सांगितलाच नाहीं, मामा. सांगितला असता तर त्यानें केला असता.”

“आणि तुला कोणीं सांगितला?”

तो थोडा थांबला. “वहींत मधल्या पानांवर बैल तरंगतो आहे असें वाटायला लागलें. मग बांधावर जाऊन बसलों, आणि आमचा बैल पाय कसा काढतो तें पाहिलें.”

माझ्या मतें सारा प्रश्न या उत्तरांत आहे. यंत्राचा दोष कांहींच नाहीं. सांगितलें असतें तर त्यानें चिखलही रंगविला असता. पण सांगण्यासारखें कांहीं मुलाजवळ आलें तें मधलीं चित्रें काढण्याच्या कंटाळ्यांतून. हात अडला तेव्हां डोळा जागा झाला. चित्रशाळेंतला उमेदवार वर्षानुवर्षें दुसऱ्याचीं मधलीं चित्रें काढी. त्यांतच वजन, तोल, उसंत यांचें ज्ञान त्याच्या बोटांत उतरे, आणि त्या शिक्षणाबद्दल त्याला थोडेंबहुत वेतनही मिळे. हमाली आणि विद्या एकाच कामांत गुंतलेल्या होत्या. यंत्रानें हमाली उचलली, तिच्याबरोबर शाळाही उचलली गेली. आणि हें कोणी फारसें बोलून दाखविलें नाहीं, कारण तें काम शाळा आहे असें कोणी मानलेंच नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, निरीक्षण करण्यास पेन्सिलच कशाला पाहिजे? संगणकावर काम करणारे कुशल कलावंतही तासन् तास चालणाऱ्या माणसांकडे पाहत असतात. हें मला मान्य आहे. त्यांच्या उत्तम कृतींत चिखलही आहे आणि वजनही. उलट हाताचे कामही संपलेलें नाहीं. जपानांत मियाझाकींचा मुख्यतः हातानें रेखाटलेला चित्रपट २०२३ सालीं आला आणि पुढील वर्षीं त्याला ऑस्कर मिळालें. माझें म्हणणें इतकेंच कीं, पूर्वीं जी शिस्त पोटासाठीं आपोआप घडे ती आतां स्वेच्छेनें पत्करावी लागेल. गवई मैफलींत म्हणावयाचें नसलेले पलटे रोज घोटतो, तसेंच हें आहे. जो हे कष्ट पत्करील त्याला यंत्र दास होईल. जो पत्करणार नाहीं त्याला यंत्राच्या पसंतीवर समाधान मानावें लागेल, आणि पुढें आपण समाधान मानीत आहों हेंही त्याला कळणार नाहीं.

म्हणून मीं भाच्याला सांगितलें कीं, एक वर्ष हातानें मधलीं चित्रें काढ. मग जें तुला येतें तें खुशाल यंत्राकडे सोंपव.

बहीण चुलीपाशीं ऐकत होती. ती म्हणाली, “दादा, शिकण्याचीं वर्षें आधींच थोडीं का आहेत? त्यांत हें आणखी एक. त्या वर्षाचा खर्च कोणीं करायचा?”

तिचें बोलणें मला लागलें. पाटावर बसून भाताची गोडी सांगणाऱ्याला मीं मनांत नांवें ठेविलीं होतीं, आणि तासाभरांत मी स्वतः तेंच करीत होतों. दुसऱ्याला कष्टाचा मार्ग दाखविणाऱ्यानें त्याच्या किंमतींतला कांहीं वांटा उचलला पाहिजे, नाहीं तर त्यानें गप्प बसावें, असें मला त्या क्षणीं वाटलें. त्या वर्षाचा निम्मा खर्च मी देईन असें मीं तिला सांगितलें. तिनें होय म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं. “विचार करूं,” एवढेंच बोलली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघतांना मुलगा घरांत दिसला नाहीं. पाऊस थोडा उघडला होता. इरल्याखालीं वही धरून तो बांधावर बसला होता, आणि या खेपेस बैलाकडे न पाहतां लावणी करणाऱ्या आपल्या आईकडे पाहत होता.