एकमेकांचं वाचन

लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात 1995 साली काही माणसं जेम्स जॉइसची ‘फिनेगन्स वेक’ वाचायला बसली. गेरी फिआल्का या चित्रपटकाराने त्यांना जमवलं होतं. महिन्यातून एकदा भेटायचं, पान-दोन पानं वाचायची आणि त्यांवर बोलायचं, एवढाच नेम. 628 पानांची ती कादंबरी 2023च्या ऑक्टोबरात संपली. आरंभी चाळिशीत असलेला फिआल्का तोवर सत्तरीला पोचला होता. मग त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. जॉइसचं शेवटचं वाक्य अर्धवट सुटतं आणि पहिल्या ओळीशी जाऊन जुळतं, त्यामुळे हे पुस्तकाला धरूनच झालं. पण ते तसं नसतं, तरी ही माणसं थांबली नसती असं मला वाटतं. पुस्तक संपवायला अठ्ठावीस वर्षं कोणी देत नाही. एवढी वर्षं माणूस देतो ती शेजारी बसलेल्या वाचकांना.

सांगलीतला आमचा वाचनगट कॉलेजातल्या मैत्रीतून सुरू झाला आणि आता आम्ही सगळे साठीच्या आसपास आहोत. दर महिन्याला एकाच्या घरी बैठक. ज्याच्या घरी बैठक, पुस्तक त्याने निवडायचं. बाकीच्यांनी कुरकुर न करता ते पूर्ण वाचून यायचं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. एकट्याने वाचताना आपण आपल्याच आवडीभोवती घुटमळतो. ज्या विषयांकडे मी कधी वळलो नसतो, त्यांवरची पुस्तकं केवळ मित्राची पाळी होती म्हणून माझ्या आयुष्यात आली.

मराठीत असा गट चालवणं कष्टाचं आहे. जुनं पुस्तक दुकानात मिळत नाही, नगरवाचनालयात एकच प्रत असते, आणि ती महिनाभरात सगळ्यांच्या हातून फिरवावी लागते. शेवटच्याला दोन रात्री मिळतात. हल्ली काही जण पुस्तक ऐकून येतात. ऐकलं म्हणजे वाचलं का, हा वाद अधूनमधून पेटतो. मला ते वाचनच वाटतं. पुस्तक डोळ्यांनी आत गेलं की कानांनी, याने बोलण्यात फरक पडलेला मी पाहिला नाही.

वर्षानुवर्षं साठत जातं ते मात्र वेगळंच. वाचलेल्या कथानकांतलं बरंचसं विसरायला होतं. कोण कुठे अडखळलं, ते लक्षात राहतं. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ या धरणग्रस्तांवरच्या कादंबरीच्या बैठकीत दोन माणसं समोरासमोर होती. एकाची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, आणि एकीचं आजोळ कोयनेच्या शिवसागरात बुडालेलं. धरणामुळे पाणी मिळालेल्या रानांची नावं तो सांगत होता, आणि ती पुनर्वसनात फुटलेल्या घरांची. दोघांचं खरं होतं. त्या दिवशी कोणी कोणाला पटवलं नाही. पण त्यानंतर जमिनीबद्दलचं कोणतंही पुस्तक हाती घेतलं, की मी त्या दोघांच्या कानांनी वाचतो. धरणग्रस्तांचा उल्लेख आला की तिला काय वाटेल, आणि सिंचनाचा आला की त्याला काय वाटेल, हे मनात आल्याशिवाय पान उलटत नाही. माझ्या एकांतातल्या वाचनात ही माणसं कायमची राहायला आली आहेत, आणि वाचक म्हणून मला मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

पुनर्वाचनाचंही तसंच. पु. ल. देशपांडे यांच्या पत्नी सुनीता देशपांडे यांचं आत्मकथन ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली आलं, तेव्हा घराघरांत त्यावर तट पडले होते. आमच्यातही पडले. पुलंवर जीव टाकणाऱ्या एका मित्राला ते पुस्तक लागलं होतं. संसारातलं असं चव्हाट्यावर का आणायचं, हा त्याचा सवाल. पुढे आम्ही ते पुन्हा घेतलं, तेव्हा त्याच्याच तोंडून सुनीताबाईंची बाजू आली. मधल्या काळात त्याने आजारी पत्नीचं सगळं केलं होतं. घर चालवणं म्हणजे काय, हे त्याच्या अंगाला कळलं होतं. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. हा बदल दिसायला आधीचं मत ऐकलेली माणसं भोवती असावी लागतात. एकट्या वाचकाला आपलं जुनं मत धड आठवतही नाही. नकळत आपण ते आजच्या मतासारखं करून घेतो.

मात्र एवढ्या ओळखीत एक धोकाही आहे. कोण काय म्हणणार हे आधीच माहीत असलं, की चर्चा सुरू होण्याआधीच संपते. कोरोनात बैठका मोबाइलवर आल्या, तेव्हा हे फार जाणवलं. माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत होती. गटात तरुण माणसं घ्यावीत, असा आग्रह मी तेव्हापासून धरला. विरोध झाला: मोकळेपणा जाईल, जुने संदर्भ त्यांना कळणार नाहीत. माझं म्हणणं, संदर्भ कळणार नाहीत म्हणूनच त्यांना घ्यायचं. शेवटी दोन मुली आल्या.

त्यांतल्या एकीने आपल्या पाळीला, आमच्या जुन्या वादांची काहीच कल्पना नसताना, ‘आहे मनोहर तरी’च निवडलं. पुलंची बाजू की सुनीताबाईंची, यात तिला रस नव्हता. तिने मुखपृष्ठाआतली सालं पाहिली होती. 1926चा जन्म आणि 1990चं पुस्तक. म्हणजे असं लिहू शकणाऱ्या बाईचं हे लेखन आपल्यापर्यंत यायला तिची साठी उलटावी लागली. मग आधीच्या चाळीस वर्षांत न लिहिलेल्या पुस्तकांचं काय, असं तिने विचारलं. आमच्यातल्या कोणालाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. रात्री अकरापर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.