नवा खांब, जुना वाडा

दिवाळीत घर झाडतापुसताना आजोबांची मोडकी दौत हाती येते आणि ती टाकावी की ठेवावी असा पेच पडतो. गावाला हाच पेच जुन्या वास्तूंपाशी पडतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचेच पहा. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि लोकवर्गणीच्या मदतीने तो पुन्हा उभारला गेला. मग आज दिसतो तो वाडा खरा की खोटा?

तुळई बदलल्याने वाडा खोटा होत नाही. घरातही पिढ्या बदलतात. घराणे तेच राहते. खोटेपणा शिरतो तो नवे लाकूड जुने म्हणून मिरवण्यात. म्हणून काय बदलले ते डागडुजी करणाऱ्याने लिहून ठेवावे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल कोंडते आणि भिंत आतूनच खचू लागते. पूर्वजांच्या अभिमानाचेही तसेच आहे. वरून कितीही लिंपा, आत सत्य कोंडले की तो कुजतो. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. तेथे जुन्या कागदाची जी पारख होते, तीच दगडालाकडाचीही व्हावी.

राहिले उत्सव. वाड्यात व्याख्याने, प्रदर्शने भरली की कित्येक जाणते नाक मुरडतात. गर्दीने झीज होते हे खरेच, आणि तिला मर्यादा हवी. परंतु कुलूपबंद वास्तूला वाळवी लागली तरी कळत नाही. माणसे येती झाली की गळके कौल कुणाच्या तरी नजरेस पडते. आणि ज्या मुलाने तेथे एक संध्याकाळ आनंदात घालवली, तो मोठेपणी वर्गणीला नाही म्हणणार नाही.